आरगॉन आणि आंबील

माझी नोकरी तोडफोडीची आहे. लग्नकार्यात एखादी लांबची मावशी विचारते, "पोरी, तू करतीस तरी काय गं?" मी म्हणते, "तोडते." मग ती मावशी हळूच दुसऱ्या कुणाकडे तरी वळते. खरं सांगायचं तर सोलापुरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी द्राक्षं, डाळिंबं, मिरच्या तपासते. त्यांत औषधाचा अंश उरलाय का, एवढंच बघायचं. औषध म्हणजे पिकावर फवारायचं ते. आमच्या घरात माणसाच्या औषधाला गोळी म्हणतात आणि औषध हा शब्द पिकासाठी राखून ठेवलेला आहे.

तपासायचं यंत्र दिसायला अगदीच सुमार. झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन थोडं फुगवलं तर दिसेल तसं. शेजारी गॅसची उंच टाकी आणि खाली दिवसभर घरघरणारा पंप. द्राक्षांचा लगदा करून अर्क काढायचा, तो एका बारीक सुईतून उडवायचा आणि त्या सुईला विजेचा मोठा दाब द्यायचा. फवाऱ्यातल्या रेणूंना विजेचा भार चिकटतो. भार चिकटलेला रेणू म्हणजे आयन. एकदा भार चिकटला की त्याला विजेनं ओढता येतं, ढकलता येतं, वळवता येतं. साध्या रेणूच्या बाबतीत यातलं काहीच करता येत नाही.

मग या आयनाला एका दारातून जावं लागतं. ते दार फक्त एका ठरावीक वजनाला आत सोडतं. पण दोन वेगवेगळ्या रेणूंचं वजन सारखं असू शकतं. एकाच वजनाच्या दोन पोत्यांत एकात तूर आणि एकात हरभरा असावा, तसं. पोतं उघडल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून दाराच्या पुढे एक छोटी कोठडी असते आणि तिच्यात आरगॉन नावाचा गॅस अगदी विरळ भरलेला असतो. आयनाला त्या कोठडीत भिरकावायचं. तो आरगॉनच्या अणूंवर आदळतो आणि फुटतो. पलीकडचं दुसरं दार त्या तुकड्यांची वजनं करतं. प्रत्येक रेणूची फुटायची रीत वेगळी, त्यामुळे तुकडे बघून मूळ कोण होतं ते ओळखता येतं. आमच्या प्रयोगशाळेत अख्ख्या आयनाला आई म्हणतात आणि तुकड्यांना लेकी.

नवीन होते तेव्हा मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरला मी विचारलं होतं, "आरगॉनच का? आणि तो जिथं लागतो तिथंच रेणू तुटतो का?" तो म्हणाला, "मॅडम, स्क्रीनवर दिसतं ते रिपोर्टमध्ये घाला, झालं." माझं डोकंच फिरलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला आपण काय बसवतोय याची उत्सुकताच नसावी? त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की मी शुद्ध औषधाचा नमुना लावायची आणि कोठडीतला धक्का कमीजास्त करत बसायची. यंत्राशेजारी डबा उघडायला मनाई होती. माझी भाकरी बऱ्याचदा तशीच घरी परत जायची.

हळूहळू उलगडत गेलं. आरगॉन मुलखाचा अलिप्त, कुणाशी सोयरीक करत नाही. तो येऊन रेणूला चिकटत नाही, नुसता धक्का देतो, म्हणून तो निवडलेला. धक्का हलका असला तर आयन अख्खाच्या अख्खा पलीकडे जातो. थोडा वाढवला की एक तुकडा सुटतो, आणखी वाढवला की दुसरा. फारच वाढवला तर सगळ्याचा चुरा, आणि चुऱ्यावरून कुणाचीच ओळख पटत नाही. सगळ्यात गंमत मला वाटली ती पुढचीच. आरगॉन जिथं लागतो तिथंच रेणू तुटेल असं काही नाही. धक्क्याची ऊर्जा त्याच्या अंगभर पसरते, सगळा रेणू थरथरू लागतो, आणि त्या थरथरीत जो जोड सगळ्यात कच्चा तो सुटतो. चिंचेची फांदी आपण एका जागी धरून हलवतो आणि पिकलेली चिंच पार शेंड्यावरून पडते, तसंच हे. मार एकीकडे, तुटणं दुसरीकडे. हे कळलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी लगेच आईला फोन लावला. आईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "जेवलीस का?"

आमचं गाव जळकोटच्या जवळ, हायवे सोडून जरा आत. तिथं आमची द्राक्षाची बाग आहे. ती लावली आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पण दादा पुण्याला कारखान्यात लागला आणि आण्णांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हापासून ती वहिनी बघते. वहिनीचं माहेर माकणीचं. तिकडे धरणाच्या पाण्यावर ऊस, त्यामुळे लग्न होऊन आली तेव्हा तिला वेलाची काडी कुठली ठेवायची आणि कुठली छाटायची हेही ठाऊक नव्हतं. तिनं ते शिकून घेतलं. घडांच्या विरळणीला आलेल्या बायकांच्या बरोबरीनं उभी राहून शिकली, शेजारच्या बागाईतदारांना विचारून विचारून शिकली. आता ती सकाळी घड हातात धरून बघते तेव्हा तिच्या तोंडावर जे असतं ते मी देवघरातसुद्धा कधी पाहिलेलं नाही. दादा म्हणायचा, पुण्याला ये. ती म्हणायची, एवढा हंगाम होऊ दे.

द्राक्षाचा हंगाम म्हणजे प्रयोगशाळेत आमची मरणाची घाई. यंदा मला येळवसीच्या सणालाही घरी जाता आलं नाही. जानेवारीच्या शेवटी वहिनीनं स्वतःहूनच घड पाठवले. व्यापाऱ्याची माणसं रीतसर नमुना न्यायला यायच्या आधी घरच्या घरी बघून ठेवावं, असा तिचा विचार. मी साहेबांना विचारून मोकळ्या वेळेत तो नमुना लावला. आणि त्यात एक जुनं औषध सापडलं, तुरीवरच्या अळीसाठी मारतात ते. द्राक्षावर ते चालत नाही.

मी फोन केला. स्पीकर चालू होता हे मला माहीत नव्हतं. वहिनी काही बोलायच्या आत आण्णांचा आवाज आला. "दुकानदारानं गळ्यात मारलं आसंल आन् हिनं मारलं आसंल."

"न्हाय मामा," वहिनी म्हणाली. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात. "त्या औषधाला म्या हात लावला न्हाय. यंदा तूरच न्हाय आपल्यात, आणू कशाला?"

"मग मशीन खोटं का तू खोटी? दोन्ही खरं कसं आसंल?"

आण्णा पुढे जे बोलले ते बहुतेक त्यांच्या मनात आधीपासूनच असावं. मुरूमकडचा एक माणूस बागा ठेक्यानं घेतो. त्याला फेब्रुवारीत बोलवायचं, बाग त्याला द्यायची, आणि सुनेनं पुण्याला आपल्या नवऱ्याकडे जाऊन राहायचं. बाईमाणसाला औषधाचं कळत नाही, असंही एक वाक्य त्यात होतं. बाईमाणूस असलेली त्यांची लेक दिवसभर औषधंच तपासते, हे मी त्यांना ऐकवलं. "तुजी गोस्ट येगळी," ते म्हणाले. आण्णांकडे प्रत्येक वेळी कुणाची तरी गोष्ट वेगळी असते.

म्हणजे प्रश्न एकच होता. बाग वहिनीकडं राहणार की ठेक्यानं जाणार. आणि तो माझ्या यंत्रानं उभा केला होता, याचा मला भयंकर राग येत होता.

माझी पहिली आशा अशी की हा तोतया असेल. त्याच वजनाचा, द्राक्षातलाच कुठला तरी निरुपद्रवी रेणू. दोन लेकी जुळल्या होत्या, पण अंश थोडा असल्यामुळे त्यांचं एकमेकींशी प्रमाण किंचित इकडेतिकडे वाटत होतं. मी शुद्ध औषध आणि आमच्या द्राक्षाचा अर्क एकाआड एक लावले आणि कोठडीतला धक्का थोडाथोडा वाढवत गेले. तोतया असेल तर कुठे ना कुठे पकडला जाणारच. एका धक्क्याला त्याची रीत जुळेल, दोन धक्क्यांना जुळेल, पण लहानापासून मोठ्यापर्यंत प्रत्येक धक्क्याला दुसऱ्याच्याच रीतीनं फुटणं कुणाला जमत नाही. मी बघत बसले. अख्खा आयन कमी होत गेला, पहिली लेक वाढली, मग ती उतरली आणि धाकटी वर चढली. दोन्ही नमुन्यांच्या रेषा एकमेकींवर अशा बसल्या की वेगळ्या दिसेनात. एरवी असं काही जमलं की मी खुर्चीतल्या खुर्चीत हसते. त्या दिवशी मला रडू आलं.

"वहिनी, ते तेच आहे," मी फोनवर सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण ताई, म्या मारलं न्हाय."

मला तिचं पटत होतं आणि यंत्राचंही पटत होतं. आण्णा म्हणाले होते की दोन्ही खरं असू शकत नाही. मला वाटायला लागलं की दोन्ही खरं असेल, तर तिसरी काहीतरी गोष्ट आहे जी आपण कुणीच पाहिलेली नाही. एकदा हे डोक्यात शिरलं आणि माझा राग पळाला. राग आणि उत्सुकता माझ्यात एकाच वेळी मावत नाहीत.

रविवारी मी गावी गेले. शेजाऱ्यांची तूर आमच्या बागेच्या पूर्वेला होती आणि ती महिन्याभरापूर्वी फवारलेली होती. वाऱ्यानं औषध उडून आलं असेल, असा माझा तर्क. तसं असेल तर पूर्वेच्या ओळींत जास्त सापडायला हवं, पश्चिमेला कमी किंवा काहीच नाही. मी आणि वहिनी चारी बाजूंच्या कडेच्या ओळींतून, आतल्या ओळींतून आणि मधोमध असे घड कापत हिंडलो. प्रत्येक पिशवीवर ती जागा लिहीत होती. आण्णा पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या दाराशी खाटेवर बसून बघत होते.

"करा, घडाघडाचं पोस्टमार्टम करा," ते म्हणाले. "शुक्कुरवारी मुरूमचा मानूस येनार हाय. त्याच्या आधी उरकलं तर बरं."

वहिनीनं हातातल्या पिशवीवर जागा लिहिली. मग ती पुढच्या वेलाकडे गेली.

सोमवारपासून जमेल तसे मी ते सगळे नमुने लावले. मधोमधच्या घडांत काही नाही. आतल्या ओळींत काही नाही. पूर्वेच्या कडेला औषध होतं. माझा तर्क बरोबर, म्हणून मी टाळी वाजवणार तेवढ्यात पश्चिमेचा निकाल आला. तिथंही होतं. उत्तरेला होतं, दक्षिणेला होतं. फक्त कडेची एकेक ओळ, पण चारी बाजूंची. आणि त्यातही फाटकाजवळ सगळ्यात जास्त, मग बागेच्या कडेनं पुढे पुढे जावं तसं कमी होत गेलेलं.

वारा चारी बाजूंनी येत नाही. पंपानं फवारलं असतं तर आतही गेलं असतं. मी कागदावर बागेचा चौकोन काढला आणि पेन फाटकापाशी ठेवून कडेकडेनं फिरवला. पेन फिरून पुन्हा फाटकाशी आलं. कुणीतरी फाटकातून निघून बागेला एक फेरी मारली होती. चोर अशी फेरी मारत नाही. राखणदार मारतो, पण तो काही शिंपडत जात नाही. शिंपडत बागेभोवती कोण फिरेल?

आणि मग मला हसू आलं, आणि हसता हसताच मी फोन शोधायला लागले. येळवस.

लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागाबाहेर हा सण कुणाला सांगायला गेलं की डोळे मोठे होतात. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावं ओस पडतात आणि सगळी माणसं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, तिच्यात पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची, मग बाजरीचे उंडे, सगळ्या भाज्या आणि डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, आणि ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली आंबील. ही आंबील प्यायची तर असतेच, पण त्याआधी रानाला द्यायची असते. घरातला कर्ता पुरुष शेताच्या कडेनं ती शिंपडत जातो आणि ओरडतो, "ओलगे ओलगे, सालम पोलगे." त्याचा अर्थ काय, ते आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. याला चर शिंपणं म्हणतात. शेत धान्याचं असो की द्राक्षाचं, चर शिंपल्याशिवाय कुणी जेवत नाही.

मी आईला फोन लावला. "आई, यंदा चर शिंपायची आंबील कशात नेली होती?"

"बिंदग्यात. दरसाली मातीच्या बिंदग्यातच नेतो की." मग तिला आठवलं. "यंदा मेलं ते वाटंतच तडकलं. गळाया लागलं. प्यायची आंबील म्या चरवीत काढली. शिंपायची तुझ्या आण्णांनी मोटारीच्या खोलीतल्या क्यानात वतून घेतली. का गं?"

"प्यायची चरवीतच होती ना? नक्की?"

"व्हय. आसं का इचारतीस?"

जीव भांड्यात पडला. मागच्या वर्षी आमच्याकडे तूर होती. तिच्या औषधाचा रिकामा कॅन आण्णांनी टाकून न देता धुऊन ठेवला होता, मोटारीत पाणी भरायला. तो कॅन मीही पाहिला होता, रविवारी आण्णांच्या खाटेखालीच होता.

आण्णांना सांगितलं तेव्हा ते फोनवरच कडाडले. "म्या त्यो क्यान तीनदा धुतलाय! राखंनं धुतला, साबनानं धुतला, उन्हात वाळवला. वास सुदिक न्हाय त्येला. आन् आंबील द्येवाची. तिच्यात इख कसं व्हईल?"

"कॅनचं प्लॅस्टिक औषध पिऊन घेतं, आण्णा. पाण्यानं ते निघत नाही. आंबिलीत ताक असतं, ताकात लोण्याचा अंश असतो, त्यात ते सुटतं."

"तुला म्हाईत. म्या येतू. माज्या डोळ्यानं बगतू."

मी म्हटलं, या. येताना त्याच कॅनात थोडी आंबील रात्रभर ठेवून आणा, आणि तीच आंबील एका स्टीलच्या बाटलीतही आणा.

बुधवारी आण्णा एस.टी.नं आले. कॅन कापडी पिशवीत गुंडाळून मांडीवर धरून आणलेला. त्यांना पांढरा कोट घातला, बुटांवर पिशव्या चढवल्या, आणि ते माझ्या खुर्चीशेजारी परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. अर्क तयार व्हायला वेळ लागतो. तोवर ते यंत्राकडे बघत होते.

"तोडतंय कशानं?" त्यांनी विचारलं. "पातं हाय आत?"

"पातं नाही. गॅस आहे."

"ग्यासनं काय तुटतंय?"

मी त्यांना सगळं सांगितलं, दार, कोठडी, आरगॉन. लग्नातल्या मावशांसारखे ते दुसरीकडे वळले नाहीत. उलट विचारत गेले. गॅस दाट भरला तर काय होईल? मी म्हटलं, मग आयन आदळून आदळून आतच भरकटेल, बाहेर यायचाच नाही. ज्याच्यावर आदळतं तो आरगॉन फुटत नाही का? मी म्हटलं, तो एकटाच अणू आहे, त्याच्यात सुटायला जोडच नाही. यावर ते बराच वेळ मान हलवत राहिले. मला पहिल्यांदा वाटलं की माझी ही खोड मी आईकडून तर नक्कीच घेतलेली नाही.

मी आधी स्टीलच्या बाटलीतली आंबील लावली. स्क्रीनवर रेष सपाट राहिली. मग कॅनमधली. सुरुवातीला ती रेषही सपाटच सरकत होती आणि आण्णांनी माझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलं. मग ठरलेल्या वेळेला दोन टोकं वर आली, एक उंच आणि तिच्याखाली एक बुटकं.

"ह्येच का?"

"हेच. ही मोठी लेक, ही धाकटी."

"धक्का कमी कर बगू."

मी तोच अर्क पुन्हा लावला आणि धक्का कमी केला. लेकी खाली बसल्या, अख्खा आयन दिसायला लागला. आण्णांनी पुन्हा वाढवायला सांगितलं. पुन्हा लेकी आल्या. शुद्ध औषध दाखव म्हणाले, ते दाखवलं. मला वाटतं, इंजिनिअरनं मला जे सांगितलं नव्हतं ते सगळं त्या दुपारी आण्णांनी माझ्याकडून वसूल केलं. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"सून खोटं बोलली न्हाय," ते म्हणाले.

"नाही."

"मशीनबी न्हाय."

"नाही."

मला त्यांची फार दया आली. देवाचं काम म्हणून, रानाचं भलं व्हावं म्हणून हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी अख्ख्या बागेला फेरी मारून आला होता, मोठ्यानं ओरडत.

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबरच गावी गेले. नळदुर्ग मागे पडलं तरी ते खिडकीबाहेरच बघत होते. घरी गेल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. "उंद्या बगू," एवढंच म्हणाले. मला संतापच आला. वहिनीला मी डोळ्यांनी खूण केली, पण ती माझ्याकडे न बघता भांडी घासत होती. दादानं पाठवलेली मोठी बॅग तिनं माळ्यावरून काढून ठेवलेली मी पाहिली.

शुक्रवारी मुरूमचा माणूस आला. गाडी बागेच्या फाटकाशीच लावली, आत एक चक्कर मारली, घड हातात घेऊन वजन अजमावलं. मग आम्ही सगळे मोटारीच्या खोलीपुढे बसलो. वहिनी चहा घेऊन आली. त्या माणसानं बोलायला तोंड उघडलं आणि आण्णा म्हणाले, "तुमाला उगं तकलीफ दिली. बाग द्यायची न्हाय."

"आसं कसं? फोनवर तर म्हनलासा, औषधाची भानगड झालीय म्हनून."

"झालीय. पर सुनेनं न्हाय केली. म्या केली."

आणि आण्णांनी त्या परक्या माणसाला सगळं सांगितलं, बिंदगं तडकल्यापासून. हा माणूस गावोगाव हिंडणारा. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत जळकोटच्या चहाच्या टपऱ्यांवर जाणार आणि येत्या बाजारात मुरूमला पोचणार, हे आण्णांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी एक शब्द गाळला नाही. तो माणूस आधी हसला, मग हसू आवरून चहा पिऊन निघून गेला.

मला वाटलं, आता वहिनी हसेल. निदान रडेल तरी. ती रिकामे कप गोळा करत होती. ते तिनं खाली ठेवले.

"मामा, एक इचारू?"

"इचार की."

"ताईंचं मशीन नसतं तर?"

"म्हंजी?" आण्णांनी विचारलं.

"मशीन नसतं," ती म्हणाली, "आन् म्या नुसतं तोंडानं सांगितलं आसतं का, मामा, म्या न्हाय मारलं, तर ठिवला आसता इस्वास?"

आई पदर तोंडाला लावून खाली बघत होती. माझ्या तोंडावर आलं होतं, वहिनी, झालं ना आता, बाग राहिली ना. बरं झालं मी बोलले नाही. इतके दिवस मी रेणू कुठं तुटतो ते बघत होते आणि समोरच्या माणसात काय तुटलंय ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"न्हाय," आण्णा म्हणाले. "न्हाय ठिवला आसता."

वहिनीनं मान हलवली. "खरं बोललासा," ती म्हणाली. मग कात्री उचलून ती बागेत गेली. कडेची ओळ पूर्ण उतरवून, घड खड्ड्यात पुरून टाकायचे होते.

आण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले, आत जाऊन दुसरी कात्री घेऊन आले आणि वेलांच्या मांडवाखाली वाकून तिच्या मागे जाऊन उभे राहिले. या बागेत त्यांनी आजवर कधी कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"म्या कुठनं धरू?" त्यांनी विचारलं.

वहिनीनं वळून बघितलं नाही. "खालच्या कोपऱ्यातनं," ती म्हणाली. "आन् मामा, देठाला धरा. मण्यांना हात लावू नगा."